हाडांतून गळणारं कॅल्शियम

चार्ल्स मार्टेल हे अमेरिकेच्या व्यापारी जहाजावरचे कॅप्टन. पहिलं महायुद्ध संपता संपता त्यांची हाडं दुखायला लागली, मग जराशा धक्क्यानेही मोडायला लागली. लघवीतून पांढरी कणी जाऊ लागली. मणके एकेक करून चेपत गेले आणि सहा फुटांहून उंच असलेला हा गडी काही वर्षांत तब्बल सात इंचांनी बुटका झाला. १९२६ मध्ये डॉक्टरांना संशय आला तो गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा. गळा उघडला, पण बिघडलेली ग्रंथी सापडली नाही. असं एकूण सहा वेळा झालं.

या ग्रंथी असतात चार, साधारण मसुराच्या डाळीएवढ्या, थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या. मराठी परिभाषेत त्या परावटू, पण दवाखान्यात सगळे पॅराथायरॉइडच म्हणतात. थायरॉइडशी त्यांचं शेजारापलीकडे नातं नाही. त्यांचं पहिलं वर्णन माणसात नव्हे तर गेंड्यात झालं, आणि तोही आपला भारतीय गेंडा! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात तो मेल्यावर रिचर्ड ओवेन यांनी १८५० च्या सुमारास त्याचं विच्छेदन केलं होतं. माणसातल्या ग्रंथी स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रम यांनी १८८० मध्ये मांडल्या.

रक्तातलं कॅल्शियम दर डेसिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या पट्ट्यात ठेवणं हे या ग्रंथींचं काम. ते घटलं की त्या पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) हे संप्रेरक सोडतात. मग हाडांतून कॅल्शियम सुटतं, मूत्रपिंड ते लघवीत जाऊ देत नाही आणि ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप वाढून आतडंही जास्त शोषून घेतं. कॅल्शियम पुरेसं झालं की ग्रंथी गप्प बसतात. मार्टेल यांना झालेल्या प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम या आजारात हे गप्प बसणंच बिघडतं. दहापैकी आठ रुग्णांत दोष एकाच ग्रंथीतल्या साध्या गाठीचा असतो. कर्करोग शंभरात एकालाही नसतो.

रक्तात कॅल्शियम जास्त म्हणजे हाडं भक्कम, असं अनेकांना वाटतं. इथे ते वाढलंय ते बरंचसं हाडांना पोखरून. आणि मूत्रपिंड कितीही वाचवायला गेलं तरी रक्तातूनच इतकं येतं की लघवीत सांडायचं ते सांडतंच. त्याचे मुतखडे होतात. शिवाय बद्धकोष्ठ, सारखी तहान, थकवा, उदासी, कधी स्वादुपिंडाला सूज. आपल्याकडची गंमत अशी, की खडा युरोसर्जनकडे जातो, मोडलेलं हाड ऑर्थोपेडिककडे आणि उदासी कुठेच जात नाही. पाश्चात्त्य देशांत १९७० च्या दशकापासून कॅल्शियमची तपासणी सर्रास होऊ लागली आणि हा आजार लक्षणांआधीच सापडू लागला. आपल्याकडे अजूनही तरुण वयातले रुग्ण हाडं ठिसूळ झाल्यावर येतात. जबड्यात किंवा मांडीच्या हाडात ‘ब्राउन ट्यूमर’ दिसतो, घरचे कॅन्सर समजून हादरतात. प्रत्यक्षात ती पीटीएचने पोखरलेली जागा असते आणि ग्रंथी काढल्यावर बहुधा भरून येते.

निदान होतं ते दोन आकडे एकत्र वाचून. समजा रिपोर्टवर कॅल्शियम ११.२ आहे आणि पीटीएच ५८. लॅबची मर्यादा १५ ते ६५, त्यामुळे पीटीएचपुढे ठळक अक्षर नाही, बाण नाही. ‘पीटीएच नॉर्मल आहे’ म्हणून कागद फाइलमध्ये जातो. पण ११.२ कॅल्शियम असताना निरोगी ग्रंथी जवळपास झोपलेल्या असायला हव्यात; तिथे ५८ हा आकडा नॉर्मल नाहीच. कॅन्सरमुळे कॅल्शियम वाढलं असेल तर पीटीएच खाली दबलेलं मिळतं. कॅल्शियमला धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिन, तेही बघावं लागतं: ते ४ पेक्षा जितकं कमी, तितक्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवायचं. ड जीवनसत्त्वाची कमतरता वाढलेलं कॅल्शियम झाकून टाकू शकते, म्हणून तेही तपासतात. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवणं कंटाळवाणं खरं, पण एक निरुपद्रवी आनुवंशिक दोष हुबेहूब असाच दिसतो आणि त्यात लघवीतलं कॅल्शियम फार कमी असतं. तो ओळखला नाही तर विनाकारण गळा कापला जातो.

सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून काढलेली प्रतिमा) या निदानाच्या तपासण्या नव्हेत. गाठ कुठे आहे हे सर्जनला कळावं म्हणून त्या करतात. स्कॅन कोरा आला म्हणून आजार नाही, असं होत नाही. गर्भात खालच्या दोन ग्रंथी थायमस या छातीतल्या ग्रंथीबरोबर खाली सरकतात आणि एखादी वाट चुकून छातीत उतरते. मार्टेल यांची तिथेच होती. ग्रंथालयात बसून त्यांनी स्वतः शरीररचना वाचली आणि छातीत शोधा म्हणून हट्ट धरला. १९३२ मध्ये बॉस्टनला सातव्या शस्त्रक्रियेत ती सापडली.

आता शस्त्रक्रियेत एक सुंदर युक्ती वापरतात. पीटीएच रक्तात जेमतेम तीन ते पाच मिनिटांत निम्मं होतं. म्हणून गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी टेबलावरच रक्त घ्यायचं. आकडा निम्म्याहून खाली आला तर गाठ योग्य निघाली, गळा बंद करायचा. सरावलेल्या हातांत शंभरात पंच्याण्णवहून जास्त रुग्ण बरे होतात. आवाजाची नस शेजारूनच जाते, तेवढी सांभाळावी लागते.

त्यानंतरचे दिवस मात्र नाजूक. वर्षानुवर्षं उपाशी ठेवलेली हाडं अधाशासारखी कॅल्शियम ओढतात, रक्तातलं झपकन उतरतं. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पेटके येतात. अशा वेळी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरपूर द्यावं लागतं. मार्टेल यांनाही पेटके आले. पुढे मूत्रनलिकेत अडकलेल्या खड्याने त्यांना गाठलं आणि सहा आठवड्यांत ते गेले.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही. वय पन्नाशीच्या आत, कॅल्शियम मर्यादेच्या एक मिलिग्रॅम वर, मुतखडे, ठिसूळ हाडं किंवा मूत्रपिंड कमकुवत, यातलं काही असेल तर ती सुचवतात. बाकीच्यांचं कॅल्शियम, मूत्रपिंड आणि हाडांची घनता ठरावीक काळाने बघत राहतात. घनता मनगटाजवळही मोजायची, कारण आधी झिजतं ते तिथलं हाड. सिनाकॅल्सेट हे औषध कॅल्शियम उतरवतं, हाडांना मात्र फारसा आधार देत नाही. आणि रिपोर्ट हातात पडल्या पडल्या घरात दूध-दही बंद होतं, ते करू नये. आहारातलं कॅल्शियम तोडलं की पीटीएच आणखी चढतं. पाणी भरपूर प्यायचं, ताक चालतं.