चेनसॉच्या टाक्यांची झाकणे आणि त्यांची गळती

पेट्रोलवर चालणाऱ्या चेनसॉला दोन टाक्या असतात. मागच्या मुठीकडची पेट्रोलची; तिच्यात टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे वंगण) मिसळलेले पेट्रोल भरतात. पुढची टाकी चेन ऑइलची. तिच्यातले ऑइल पंपाने पात्यावर, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीवर, जाते आणि फिरणारी चेन ओली ठेवते. या टाक्यांच्या झाकणांतून पेट्रोल किंवा ऑइल पाझरणे हा या यंत्राचा नेहमीचा दोष आहे. तो इतका नेहमीचा, की मशीन म्हटली की थोडी गळणारच असे धरून अनेक जण ती वर्षानुवर्षे तशीच चालवतात. ऑइल गळाले तर पैसा जातो, चेन खराब होते. पेट्रोल गळाले तर माणूस भाजतो. म्हणून या दोन गळत्या एका मापाने मोजू नयेत.

मराठवाड्यात या यंत्राला ‘कटर’ किंवा नुसते ‘मशीन’ म्हणतात. बांधावरची बाभूळ, सुबाभूळ, वादळाने आडवा झालेला कडुनिंब, पावसाळ्याआधी विजेच्या तारांना टेकलेल्या फांद्या, किनवटकडचा साग, दुष्काळात वाळलेल्या मोसंबीच्या बागा (2012-13 मध्ये जालना जिल्ह्याने हे फार सोसले) अशी तिची कामे. बरीचशी तोड रब्बीचे पीक निघाल्यावर, शेत मोकळे असताना होते. म्हणजे नेमक्या उन्हाळ्यात. पारा चाळिशीच्या वर, मशीन पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तापत पडलेली, आणि आजूबाजूला पाचट, तुराट्या, वाळलेले गवत. झाकणाची गळती याच दिवसांत जास्त दिसते आणि याच दिवसांत ती सर्वांत घातक असते.

तापमान 10 अंशांनी वाढले की पेट्रोल सुमारे 1 टक्क्याने फुगते. सकाळी 25 अंशांवर काठोकाठ भरलेली अर्ध्या लिटरची टाकी दुपारी 45 अंशांवर गेली, तर आतले पेट्रोल जवळपास 10 मिलिलिटरने वाढते. त्यात वाफेचा दाब वेगळाच. या दाबाला वाट हवी असते, आणि रबर थोडे जरी थकलेले असेल तर ती झाकणातून सापडते. टाकी गळ्यापर्यंत न भरता बोटभर मोकळी ठेवली, तर उन्हाळ्यातल्या बऱ्याच तक्रारी निम्म्या वाटेवरच मिटतात.

झाकण बंद कसे होते

जुन्या आणि स्वस्त मशीनची झाकणे आट्यांची असतात. वरच्या खाचेत पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालून ती फिरवतात. काही नव्या मशीनवर पाव फेऱ्यात बसणारी, वर उचलायची कडी असलेली झाकणे आली आहेत. प्रकार कोणताही असो, द्रव अडवण्याचे काम आटे करत नाहीत. ते काम झाकणाखालची रबरी ओ-रिंग करते. गावाकडे तिला ‘वायसर’ म्हणतात. आटे फक्त तिला दाबून धरतात. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली, तर गळणारे झाकण पान्याने आणखी आवळण्याची सवय सुटेल. जास्त आवळले की रिंग चेंगरते, टाकीच्या प्लास्टिकच्या तोंडाचे आटे जातात, आणि साध्या रिंगवर भागणारे काम टाकी बदलण्यापर्यंत जाते.

टाकीला श्वासही लागतो. पेट्रोल संपत जाते तशी बाहेरची हवा आत यावी म्हणून एक बारीक झडप असते. बऱ्याच मशीनमध्ये ती टाकीच्या अंगात वेगळी असते, काहींत झाकणातच असते. ती भुशाने बुजली तर आत निर्वात होऊन मशीन पाच-दहा मिनिटांत मरते, आणि झाकण सैल करताच ‘सुस्स’ आवाज करत हवा आत शिरते. उलट झडप उघडीच अडकली तर मशीन आडवी ठेवताच पेट्रोल बाहेर येते, आणि दोष मात्र झाकणाला लागतो.

गळती शोधणे

टाकीच्या तोंडाशी ओलावा दिसला म्हणून तो झाकणाचाच असे नाही. पेट्रोलची नळी टाकीत शिरते तिथल्या रबराला चीर असेल किंवा कार्ब्युरेटर ओसंडत असेल, तरी पेट्रोल अंगावरून ओघळत झाकणापाशी येऊन थांबते. उभ्या ठेवलेल्या मशीनखाली पडलेला ऑइलचा डागही बहुधा झाकणाचा नसतो. पंपातून आणि पात्याच्या खाचेतून उरलेले ऑइल खाली उतरत असते. थोडेसे उतरणे चालण्यासारखे आहे.

खात्री करण्याची सोपी रीत अशी. मशीन पूर्ण गार होऊ द्यावी. दोन्ही झाकणांभोवतीचा भाग कोरड्या चिंधीने पुसावा, झाकणे लावावीत आणि जोडावर खडूची पूड भुरभुरावी. मग झाकणे खाली येतील अशी मशीन वर्तमानपत्रावर आडवी ठेवून दहा मिनिटे थांबावे. जिथे गळते तिथे खडू आधी ओला होऊन काळपटतो. कागदावरचा ऑइलचा डाग पारदर्शक होऊन तसाच राहतो. पेट्रोलचा डाग पसरून उडून जातो, मागे फक्त टू-टीची हलकी कडा उरते. हे काम उघड्यावर, चुलीपासून आणि बिडीपासून लांब करायचे.

झाकणाचाच दोष निघाला, तर आधी भुसा पाहावा. बाभळीचा बारीक भुसा ऑइलमध्ये कालवला की कणकेसारखा चिकट थर होतो. तो रिंगच्या खोबणीत आणि टाकीच्या ओठावर बसतो. बोटाचे नख त्या ओठावरून फिरवले की खडबड लगेच कळते. दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि पेट्रोलच्या दोन थेंबांनी तो निघतो. एवढ्यानेच गळती थांबल्याची उदाहरणे भरपूर आहेत. म्हणून झाकण उघडण्याआधी भोवतीचा भुसा पुसणे ही सवय कोणत्याही दुरुस्तीपेक्षा मोलाची मानावी. झाकण हरवू नये म्हणून आतून जोडलेली प्लास्टिकची दोरीही बघावी. तिचा पीळ रिंगखाली अडकला तर झाकण घट्ट वाटते, पण बसलेले नसते.

त्यानंतर रिंग. चांगली रिंग गोल, मऊ आणि गुळगुळीत असते. चपटी झालेली, चिरा गेलेली, वाकवल्यावर कडक लागणारी रिंग टाकून द्यावी. 2025 पर्यंत देशभरात 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास झाले. लातूर-धाराशिवकडच्या उसापासूनही इथेनॉल बनते. काही मशीनच्या पुस्तिकांत मात्र 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. अशा पेट्रोलने जुने रबर फुगते: सकाळी बसणारे झाकण दुपारी भरताना बसत नाही. फुगलेली रिंग काढून काही तास हवेवर ठेवली तर बरीचशी मूळ मापावर येते, पण ती बदलायची वेळ आली असे समजावे. नवी रिंग नायट्राइल किंवा व्हिटॉन रबराचीच घ्यावी. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात हायड्रॉलिकच्या नायट्राइल रिंगा मिळतात. जुनी रिंग नमुन्याला सोबत न्यावी. घरात पडलेली ठिबकची किंवा नळाची रिंग मापाने तंतोतंत बसली तरी लावू नये. ती पाण्यासाठी बनवलेली असते आणि पेट्रोलमध्ये फुगून तुटते. सायकलच्या ट्यूबमधून कापलेल्या वायसरची गतही तीच. झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी ठेवून आवळण्याची युक्ती तर दुहेरी नडते: पिशवी फाटून तुकडे टाकीत जातात, आणि झाकणातच झडप असेल तर ती बुजते. नवी रिंग बसवताना तिला टू-टीचा एक थेंब चोळला की ती पिळत नाही.

आट्यांचे झाकण लावताना आधी उलटे फिरवावे. एका जागी ‘टक्’ होऊन ते किंचित खाली बसते. तिथून सुलटे फिरवले की आटे वाकडे चढत नाहीत. पाव फेऱ्याच्या झाकणात वेगळीच अडचण येते. त्याचा खालचा भाग वरच्या भागाच्या तुलनेत फिरून बसतो, आणि मग कडी पाडली तरी झाकण पकडत नाही. अशा वेळी जोर करू नये. झाकण तोंडात ठेवून ते बैठकीत धरेपर्यंत उलटे फिरवावे, तसेच आणखी पाव फेरा उलटे न्यावे. खालचा भाग जागेवर येतो. मग सुलटे फिरवून कडी पाडावी आणि झाकण हाताने हलवून पाहावे. टाकीचे आटेच गेले असतील, तर एम-सीलचा लेप त्या प्लास्टिकवर फार दिवस धरत नाही. तो भाग बदलणे भाग आहे.

ऑइलच्या टाकीबद्दल

आपल्याकडे या टाकीत गाडीतून काढलेले जळके ऑइल ओतायची पद्धत रूढ आहे. फुकट मिळते म्हणून ती टिकली, पण ती महाग पडते. जळक्या ऑइलला पुरेसा चिकटपणा राहिलेला नसतो. ते चेनवर टिकत नाही आणि जोडांतून लवकर झिरपते. त्यातली काजळी आणि धातूचा कीस पंपात आणि गाळणीत बसतो. दिवसभर हाताला, कपड्यांना लागणारे हे ऑइल कातडीलाही घातक आहे. दीर्घकाळच्या संपर्काने कातडीचा कर्करोग होऊ शकतो.

मशीनची मांडणी अशी असते, की एक टाकी पेट्रोल संपेपर्यंत ऑइलची टाकीही बहुतेक रिकामी व्हावी, पण ऑइल आधी संपू नये. पेट्रोल संपल्यावर ऑइल भरपूर उरत असेल तर पंप किंवा गाळणी तपासावी. ते आधीच संपत असेल तर गळती शोधावी.

भरताना आणि नेताना

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि पाचटात साचून राहते. तापलेल्या सायलेन्सरजवळ गळणारे झाकण ही म्हणूनच आगीची तयारी आहे. मशीन बंद करून गार झाल्यावर, मोकळ्या मातीवर ठेवून पेट्रोल भरावे. झाकण आधी हळूच सैल करून आतला दाब जाऊ द्यावा. सांडलेले पुसून, भरल्या जागेपासून निदान 3 मीटर लांब जाऊन मशीन चालू करावी. पॅन्ट पेट्रोलने भिजली तर ती बदलावी. भिजलेल्या कापडाखाली कातडी सोलवटते, आणि एक ठिणगी पुरते.

ट्रॉलीत किंवा जीपमध्ये मशीन दोन्ही झाकणे वर येतील अशी, हलणार नाही अशी बांधावी. महिना-दोन महिने काम नसेल तर दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात, पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालवावी आणि झाकणे फार न आवळता बसवून ठेवावीत. मशीन सावलीत, पत्र्यापासून दूर ठेवावी.