बडोद्याहून सिमल्याला कुत्र्यासह: कूपे, अर्ज आणि डॉक्टरांचा दाखला

नाताळात बर्फ बघायला जायचं म्हटलं की आमच्या दांडिया बाजारच्या घरात दरवर्षी एकच खल व्हायचा: आमच्या कुत्र्याला, बंड्याला, कुणाकडे ठेवायचं? मागच्या हिवाळ्यात शेवटी त्याला बरोबरच नेलं. त्या खटाटोपात जे कळलं ते सांगतो. रेल्वेबद्दल जास्त लिहितो, कारण घोळ तिथेच होतो.

पहिली अट सरळ आहे. मोठा कुत्रा तुमच्याबरोबर डब्यात बसणार तो फक्त फर्स्ट एसीत, आणि तोही पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्याच ताब्यात असेल किंवा सहप्रवाशांची हरकत नसेल तर. कूपे दोन बर्थची, केबिन चार बर्थची. सेकंड एसी, थर्ड एसी, चेअर कार, स्लीपर यांत परवानगी नाही. "टीटीई ओळखीचा आहे" वगैरे ऐकू नका. टोपलीत मावणारं अगदी लहान पिल्लू तेवढं इतर वर्गांतून नेता येतं, पण त्याचीही पावती करावी लागते. तुम्ही दोघं असाल तर कूपे, चौघं असाल तर केबिन. एकट्याने जायचं तर सोबतीला कुणीतरी शोधा.

म्हणून आधी गाडीला फर्स्ट एसीचा डबा आहे का ते पाहा. आम्ही गोल्डन टेम्पल मेल पकडली होती, ती बडोद्याहून रतलाम, कोटा, दिल्ली करत अंबाल्याला जाते. तिथून सिमला किंवा कसौलीला टॅक्सी. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे नाताळचं तिकीट ऑक्टोबरच्या अखेरीस काढायचं. फर्स्ट एसीत आरएसी (निम्म्या बर्थवर बसायची सोय) नसते, एक तर कन्फर्म नाही तर वेटिंग, आणि वेटिंगवर कुत्र्याचा बेत आखू नये. सगळ्यांची तिकिटं एकाच पीएनआरवर घ्या.

आता खरी गोम. तिकीट काढताना कूपे मागता येत नाही. कुणाला कूपे, कुणाला केबिन, हे चार्ट लागताना ठरतं. त्यामुळे आधी अर्ज द्यावा लागतो. बडोद्यात तो प्रतापनगरच्या मंडल रेल्वे कार्यालयात, वरिष्ठ मंडल वाणिज्य प्रबंधकांच्या नावे. फार लिहायचं नसतं: गाडीचं नाव आणि नंबर, तारीख, पीएनआर, प्रवाशांची नावं, "सोबत पाळीव कुत्रा असल्याने कूपे मिळावी" ही विनंती, मोबाइल नंबर आणि सही. तिकिटाची झेरॉक्स आणि लसीकरणाच्या पुस्तकाची झेरॉक्स जोडा. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. आमची गाडी मुंबईहून येणारी, म्हणजे चार्ट तिकडेच लागणार, तेव्हा हे काम शेवटच्या दिवसावर ठेवलं नाही. अर्ज दिला म्हणजे कूपे मिळालीच असं नव्हे. दोघांना केबिन लागली आणि समोर परके प्रवासी आले, तर कुत्रा तिथे ठेवता येणं त्यांच्या मर्जीवर.

दुसरा पर्याय गार्डच्या डब्यातल्या कुत्र्यांच्या पेटीचा. ती सगळ्या गाड्यांना नसते. असली तरी जानेवारीच्या रात्री लोखंडी पेटीत, खडखडाटात, मालकापासून लांब इतके तास? माझं मत विचाराल तर त्यापेक्षा कुत्रा बडोद्यात शेजाऱ्यांकडे सुखी.

दाखल्याबद्दल. प्राणी वाहतूक नियम, १९७८ प्रमाणे पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र लागतं: जनावर प्रवासाला धडधाकट आहे, रेबीजसकट कुठल्याही संसर्गजन्य रोगाची लक्षणं नाहीत. गाभण आणि दिवस भरत आलेल्या कुत्रीला नेता येत नाही. दाखला प्रवासाच्या आधीच्या एक-दोन दिवसांतलाच हवा, पंधरा दिवसांपूर्वीचा चालत नाही. रेबीजची लस मात्र आधीच झालेली असू द्या, कारण पहिल्या लसीनंतर तिचा असर यायला सुमारे तीन आठवडे लागतात.

दाखल्यावर जात, रंग आणि नर की मादी हे लिहिलेलं असावं. इथे आमची गंमत झाली. डॉक्टर मूळचे उत्तरेकडचे, त्यांनी हिंदीत रंग लिहिला "भूरा", म्हणजे तपकिरी. गुजरातीत भूरो म्हणजे निळा. लगेजच्या खिडकीवरच्या भाईंनी कागद वाचला, चष्मा नाकावर ओढला, खाली वाकून बंड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आ भूरो छे?" मागच्या रांगेत हशा. मग मी दाखल्याच्या कडेला "ब्राउन" लिहायला लागलो, तर "तुम्ही नाही, डॉक्टर." पुन्हा स्कूटरवर दवाखाना. सुदैवाने गाडीला तीन तास अवकाश होता, आणि तेवढा तुम्हीही हाताशी ठेवा.

कुत्र्याची नोंदणी स्टेशनवरच्या लगेज-पार्सल कार्यालयात होते. तिकीट, ओळखपत्र, दाखला, लसीचं पुस्तक, महापालिकेत नोंदणी असेल तर तीही पावती. भाडं सामानाच्या दराने, अंतराप्रमाणे. पावती हातात ठेवा. बिनपावतीचा कुत्रा सापडला तर सहापट आकारणी होते.

नियमातली एक बारीक गोष्ट मला आवडली: हिवाळ्यात दर सहा तासांनी, उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी. मोठ्या कुत्र्याला बारा तासांतून एकदा खाणं, आणि निघण्याच्या किमान दोन तास आधी खाऊ-पिऊ घालणं. बंड्याला रतलामला आणि कोट्याला पट्टा लावून फलाटाच्या टोकापर्यंत नेलं. जुनी वर्तमानपत्रं आणि कचऱ्याच्या पिशव्या भरपूर न्या, फलाट आपल्या बापाचा नाही.

विमानाचं थोडक्यात: एअर इंडिया आणि आकासा पाळीव प्राणी घेतात, इंडिगो घेत नाही. स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्यांना दाखला आणि लसीचं पुस्तक जवळ ठेवलं की पुरे.

हॉटेलवाल्याला फोनवर "पेट-फ्रेंडली आहे ना" एवढं विचारून थांबू नका. कुत्रा खोलीत झोपणार की बाहेर, जादा पैसे किती, हीटर आहे का, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. टॅक्सीवाल्यालाही आधी सांगा आणि सीटवर टाकायला जुनी चादर न्या. कालका-सिमला छोट्या गाडीचा मोह टाळा. ९६ किलोमीटरला पाच तास लागतात. आणि संध्याकाळनंतर कुत्र्याला मोकळं सोडूच नका, सिमल्याच्या बाजूला बिबटे कुत्रे उचलतात.

परतीचं लोक विसरतात. बडोद्याचा दाखला तोवर शिळा झालेला असतो, त्यामुळे सिमल्याच्या पशु चिकित्सालयातून नवा घ्यावा लागतो. रविवार-सुट्टी बघून जा. कूपेचा अर्जही वेगळा, तो अंबाला मंडलाकडे. लगेजची खिडकी, पावती, सगळं पुन्हा. तिथल्या बाबूंनी कागद वाचला, "भूरा" म्हणाले आणि शिक्का मारला.