उशिरा पडणारे वल्हे

ठाण्यात संध्याकाळी तलावपाळीला होडी वल्हवणाऱ्या नवख्यांकडे जरा पाहत बसावे. दंडांत जोर असतो, पण एक वल्हे पाण्यात पडल्यावर दुसरे क्षणभराने पडते आणि होडी पुढे सरकण्याऐवजी जागीच वळते. हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडलेल्या, काही रुग्णांच्या हृदयात असाच बेमेळ असतो.

आमच्या शेजारच्या काकांना स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना दोनदा थांबावे लागे. त्यांचा ईसीजी मी पाहिला. हा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे त्यावरचा एक बारीक चौकोन ०.०४ सेकंदांचा. खालच्या कप्प्यांत वीजसंदेश पसरल्याची खूण, म्हणजे क्यूआरएस, एरवी तीन चौकोनांच्या आत आटपते. काकांची चार चौकोन पसरली होती. डाव्या कप्प्याकडे संदेश नेणारी शाखा बंद पडली की तो स्नायूंच्या पेशीपेशींतून रेंगाळत जातो. मधला पडदा आधी आकुंचन पावतो, बाहेरची भिंत मागाहून, आणि कमजोर स्नायूचे बरेचसे श्रम वाया जातात.

पेसमेकर म्हटले की मंदावलेले ठोके वाढवणारे यंत्र आठवते. काकांना बसवला तो मात्र हृदयाच्या दोन्ही बाजूंचा मेळ पुन्हा जुळवणारा खास पेसमेकर (सीआरटी). अशा रुग्णांत ठोक्यांची संख्या बहुधा ठीकच असते, चुकलेली असते ती वेळ. म्हणून सहसा तीन तारा घालतात: दोन उजव्या कप्प्यांत, तर तिसरी हृदयाच्याच एका शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या बाजूस. खरे कौशल्य या तिसरीत आहे, कारण शिरांची वळणे प्रत्येकाची निराळी. तारेचे टोक श्वासपटलाच्या नसेजवळ आले, तर ठोक्यागणिक उचकीसारखा झटका बसतो आणि जोडणी बदलावी लागते.

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘केअर-एचएफ’ या युरोपीय अभ्यासात ८१३ रुग्ण होते. सरासरी २९ महिन्यांत केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ३० टक्के दगावले. औषधांसोबत हे यंत्रही बसवलेल्यांपैकी २० टक्के. मात्र हे यंत्र सरसकट सर्वांसाठी नाही. ज्यांची क्यूआरएस अरुंद आहे त्यांना त्याचा लाभ होत नाही, उलट अपायही होऊ शकतो.

गंमत अशी, की केवळ उजव्या खालच्या कप्प्यात तार असलेला नेहमीचा पेसमेकर हाच बेमेळ निर्माण करू शकतो, त्यामुळे तो गरजेपुरताच चालावा असे पाहिले जाते. या यंत्राचे उलट: जवळजवळ प्रत्येक ठोका त्यानेच द्यायला हवा. काकांच्या तपासणीत डॉक्टरांनी छापील कागदावर, किती ठोके यंत्राने दिले, हाच आकडा आधी शोधला. तो ९७ टक्के होता.