बोलघुमट आणि कानोशाची नळी

विजापूरची सहल करून आलेला माणूस हमखास सांगतो की गोल घुमटाच्या सज्ज्यात बसून बादशहा दरबाऱ्यांची खलबते ऐकत असे. पुराव्यादाखल तो सतराव्या शतकातील एक चित्र पुढे करतो, ज्यात भिंतीत बसवलेली शंखाकृती नळी चौकातले बोलणे थेट दालनापर्यंत आणताना दाखवली आहे. वास्तू आणि चित्र दोन्ही खरी आहेत, परंतु त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. शिवाय गोल घुमट ही मुहम्मद आदिलशहाची कबर आहे. तिथे दरबार भरवण्याचे कारण काय, हे सांगणाऱ्याला कोणी विचारत नाही.

गोल घुमटाचा, म्हणजेच बोलघुमटाचा, चमत्कार वाचकांना शाळेच्या सहलीपासून ठाऊक आहे. सुमारे ३८ मीटर व्यासाच्या घुमटात सज्ज्याच्या एका बाजूला भिंतीशी कुजबुजले की समोरच्या बाजूला भिंतीशी कान लावणाऱ्याला शब्द कळतात. टाळीचे अनेक पडसाद उमटतात, तो वेगळा प्रकार आहे.

गोंधळ होतो तो पुढच्या मुद्द्यावर. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमधील अशाच सज्ज्याचा उलगडा करताना इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी दाखवले की कुजबुज घुमटाच्या पोकळीतून आरपार जात नाही; ती अंतर्वक्र भिंतीला बिलगून, एका अरुंद पट्ट्यातून सरकत जाते. म्हणून बोलणाऱ्याने भिंतीजवळ उभे राहून भिंतीच्या कडेकडेने बोलले, तरच ही युक्ती साधते. खाली फरशीवर मधोमध उभ्या असलेल्या दोघांची कुजबुज त्या पट्ट्यात शिरतच नाही. ते मोठ्याने बोलले, तर वर पोहोचतो तो पडसादांत कालवलेला गलका. थोडक्यात, ज्याचे बोलणे ऐकायचे त्यानेच नेमक्या जागी, नेमक्या दिशेला तोंड करून साथ द्यावी लागते, आणि इतकी साथ देणाऱ्याला कोणी कटवाला म्हणत नाही. त्यातही भिंतीशी कान नेणाऱ्या कोणालाही ते बोलणे ऐकू येते, मग गुप्तता उरली कुठे?

नळीचे तत्त्व याच्या उलट आहे. ते चित्र आथानासियस किर्खर या रोममधील जर्मन जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघातील) पंडिताच्या १६५० सालच्या ‘मुसुर्जिया युनिव्हर्सालिस’ या ग्रंथातील आहे. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. नळीत मात्र आवाजाला पसरायला जागाच नसते. फ्रेंच शास्त्रज्ञ बियो यांनी पॅरिसच्या पाणीपुरवठ्याच्या ९५१ मीटर लांबीच्या लोखंडी नळातून हलक्या आवाजात संभाषण केले होते. नळीचे तोंड छतात दडवले, तर खाली बोलणाऱ्याला त्याचा पत्ता असण्याची गरज नाही, आणि ऐकणारा कान दुसऱ्या टोकाला एकच असतो. कानोशाचे साधन म्हणायचे तर ते हेच.

अर्थात किर्खरचे सगळेच मान्य करावे असे नाही. शंखासारख्या वेटोळ्याने आवाजाला बळ येते, ही त्याची समजूत चुकीची होती, आणि आजही ती श्रद्धेने उगाळली जाते याचा मला मनापासून वैताग आहे. काम करते ती नळी, आणि हळूहळू रुंदावत जाणारे तिचे तोंड. वेटोळ्याने फार तर भिंतीतली जागा वाचते. शिवाय बियो नळाच्या तोंडाशी बोलले होते. गजबजलेल्या चौकावर उघडणारे किर्खरचे तोंड दोघांच्या संभाषणाबरोबर गाड्यांचा खडखडाट आणि फेरीवाल्यांच्या आरोळ्याही तितक्याच निष्ठेने आत आणणार. नळी दोन्ही दिशांनी चालते हेही त्या चित्रापुढे विसरले जाते: वरचा खोकला, तर खालचे सावध होतात. खुद्द किर्खरने कोलेजिओ रोमानो या रोममधील जेझुइटांच्या विद्यालयातील आपल्या खोलीत अशी नळी बसवली, तेव्हा तिचा उपयोग कोणाची गुपिते ऐकण्यासाठी झाला नाही. कोणी भेटायला आले की दाराशी असलेले सेवक तिच्यातून त्याला वर्दी देत.