मॉरिशस: राज्य इंग्रजांचं, कायदा फ्रेंचांचा

मॉरिशसला मूळ रहिवासी नव्हतेच. अरब आणि पोर्तुगीज खलाशी येऊन गेले, राहिलं कुणी नाही. १५९८ मध्ये डच आग्नेय किनाऱ्यावर उतरले, १६३८ पासून दोनदा वस्ती करून पाहिली आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. डोडो त्यांच्याच काळात संपला. जावाहून आणलेला ऊस मागे राहिला. १७१५ मध्ये बेट फ्रेंचांनी घेतलं. पोर्ट लुईचं बंदर आणि मळे उभे राहिले ते गुलामांच्या कष्टावर.

खरी मेख १८१० ची. ऑगस्टमध्ये ग्रां पोर्टच्या खाडीत इंग्रज आरमार सपाटून हरलं. फ्रेंचांच्या या विजयाचं नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेलं आहे. नोव्हेंबरअखेरीस इंग्रज उत्तरेकडून आले आणि डिसेंबरात बेट पडलं. पण शरणागतीच्या अटींत जेत्यांनी रहिवाशांची मालमत्ता, कायदे, धर्म आणि रीतीरिवाज राखायचं कबूल केलं. याला औदार्य म्हणायची पद्धत आहे. खरं तर ती मळेवाल्यांना खूश ठेवण्याची सोय होती, कारण ‘मालमत्ते’त गुलामही धरले गेले. ब्रिटिश साम्राज्यात गुलामांचा व्यापार १८०७ मध्येच बंद झाला होता; इथे तो पुढेही काही वर्षं चोरून चालला, अधिकाऱ्यांच्या डोळेझाकीमुळे. १८२५ मध्ये इंग्लंडने इथल्या साखरेवरची जादा जकात काढली आणि ऊस बेटभर पसरला. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली, तेव्हा भरपाईचे सुमारे २० लाख पौंड मालकांना मिळाले. राबणाऱ्यांच्या वाट्याला आली आणखी चार वर्षांची सक्तीची ‘उमेदवारी’, म्हणजे जुन्याच मालकांकडे बांधून राबणं.

२ नोव्हेंबर १८३४ ला कलकत्त्याहून ३६ करारमजूर आले. नंतरच्या दशकांत साडेचार लाखांवर. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. मुंबईहून आलेल्यांत कोकणातले मराठी लोक बरेच होते. गणेश चतुर्थीला तिथे आज सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावरच्या, म्हणजे मजुरांना उतरवून घेण्याच्या आगारातल्या, १६ पायऱ्या जरूर बघा, पण ते पहिले ३६ जण त्या चढलेले नाहीत. हे आगार १८४९ चं आहे.

१९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं. दिवाणी कायदा अजून फ्रेंच वळणाचाच आहे. शेवटचं अपील मात्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिश अपील न्यायपीठाकडे जातं.