प्रोग्राम कोणत्या लायब्ररीतून लोड झाला : मेनफ्रेमवरील एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांवरील झेड/ओएस या कार्यप्रणालीत जॉब (एकेक स्टेपने चालणारे बॅच काम) संपला की कोणत्या स्टेपमध्ये कोणता प्रोग्राम चालला आणि कोणते डेटासेट (फायली) जोडले गेले हे लॉगमध्ये मिळते. जोडलेल्या लोड लायब्रऱ्यांपैकी (चालण्यास तयार प्रोग्राम ठेवणाऱ्या डेटासेटपैकी) नेमक्या कोणत्या लायब्ररीतून तो प्रोग्राम उचलला गेला, हे मात्र मिळत नाही. प्रणालीच्या वापराच्या नोंदी ठेवणाऱ्या एसएमएफच्या ३० क्रमांकाच्या नोंदीतही प्रोग्रामचे नाव असते, लायब्ररीचे नसते. मोड्यूल (लोड करायचा प्रोग्राम) कुठेच सापडले नाही तर सीएसव्ही००३आय हा संदेश आणि एस८०६ ॲबेंड (काम अकाली बंद पडल्याचा संकेत) येतो. ते भलत्याच ठिकाणी सापडले तर प्रणाली गप्प बसते, आणि खरी पंचाईत तिथेच होते.

या मौनाचे मूळ १९६० च्या दशकातील ओएस/३६० या झेड/ओएसच्या पूर्वज प्रणालीमध्ये आहे. लायब्ररीच्या डिरेक्टरीत म्हणजे अनुक्रमणिकेत मेंबर (लायब्ररीतला एक प्रोग्राम) शोधणारी बीएलडीएल ही सेवा तेव्हापासूनची असून, तिने भरलेल्या नोंदीत एक बाइट एकापुढे एक जोडलेल्या लायब्रऱ्यांच्या साखळीतील कितव्या लायब्ररीत मेंबर सापडला हे दाखवतो, तर दुसरा तो प्रणालीच्या सामायिक लिंक लायब्ररीतला आहे की जॉब-स्टेपच्या लायब्ररीतला हे सांगतो. म्हणजे उत्तर त्या क्षणी प्रणालीच्या हाती असते. ते जॉब लॉगमध्ये उतरवले जात नाही, एवढेच.

सर्वाधिक वाद झाला तो जॉबलिब (सगळ्या जॉबसाठी जोडलेल्या लायब्रऱ्या) आणि स्टेपलिब (एकाच स्टेपसाठी जोडलेल्या लायब्रऱ्या) यांच्या नात्यावरून. स्टेपला स्टेपलिब दिली की त्या स्टेपपुरती जॉबलिब पूर्णपणे बाद होते. दोन्हींची बेरीज होत नाही. या निर्णयाचे समर्थक म्हणतात की स्टेपची यादी त्यामुळे एकाच जागी वाचता येते, आणि साखळीतील एक जरी लायब्ररी एपीएफ-अधिकृत (विशेषाधिकाराने प्रोग्राम चालवण्यास मान्य) नसेल तर सगळी साखळी अनधिकृत ठरत असल्याने ही स्पष्टता गरजेचीच आहे. विरोधकांचा अनुभव वेगळा आहे : चाचणीसाठी कोणी एका स्टेपला एकच लायब्ररी जोडतो, जॉबलिबमधल्या लायब्रऱ्या पुन्हा लिहायला विसरतो, आणि उपप्रोग्रामची लिंकलिस्टमध्ये (सर्व जॉबना उपलब्ध असलेल्या लिंक लायब्रऱ्यांच्या यादीत) पडून राहिलेली जुनी प्रत निमूटपणे चालते. प्रोसीजरमधल्या (तयार ठेवलेल्या जॉब-विधानांच्या संचातल्या) स्टेपलिबला बाहेरून एक डीडी (डेटासेट जोडणारे विधान) देऊन ओव्हरराइड करताना गोंधळ आणखी वाढतो, कारण त्याने साखळीतील फक्त पहिली लायब्ररी बदलते आणि बाकीच्या तशाच राहतात. नियम समर्थनीय आहे. पण कोणती यादी बाद झाली याची एक ओळही न छापणे समर्थनीय नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाय२केची (दोन अंकी वर्षांमुळे २००० साली येणाऱ्या अडचणीची) दुरुस्ती सुरू झाली आणि त्यातले बरेच काम मुंबई-पुण्यातून होऊ लागले, तेव्हा एकाच नावाच्या दुरुस्त आणि जुन्या प्रती शेजारशेजारच्या लायब्रऱ्यांत नांदू लागल्या. शोधाचा क्रम बहुतेकांना पाठ होता : आधी जॉबच्या स्मृतीत आलेली प्रत, मग टास्कलिब (चालू टास्कला दिलेली लायब्ररी), स्टेपलिब किंवा जॉबलिब, त्यानंतर एलपीए (सर्वांसाठी स्मृतीत ठेवलेली मोड्यूल) आणि शेवटी लिंकलिस्ट. तरीही क्रम ठाऊक असणे पुरेसे नव्हते. लिंकलिस्टच्या डिरेक्टरीची प्रत एलएलए ही प्रणालीची सेवा स्मृतीत ठेवते. त्यामुळे लायब्ररीत नवी प्रत लिंक केली तरी ‘एफ एलएलए,रिफ्रेश’ ही आज्ञा दिली जाईपर्यंत जुनीच लोड होऊ शकते. लायब्ररी बरोबर, तारीख बरोबर, आणि चालणारा कोड मात्र जुना!

झेड/ओएसच्या आधीच्या ओएस/३९० मध्ये आयपीएल न करता (प्रणाली पुन्हा सुरू न करता) लिंकलिस्ट बदलण्याची सोय आली. चालू जॉब सुरू होतानाच्या संचाला धरून राहतात आणि नव्यांना नवा संच मिळतो, त्यामुळे एकाच वेळी चालणाऱ्या दोन जॉबना एकच नाव वेगळ्या ठिकाणी सापडू शकते. सीआयसीएस या ऑनलाइन व्यवहार हाताळणाऱ्या प्रणालीत डीएफएचआरपीएल या तिच्या प्रोग्राम-लायब्रऱ्यांची साखळी बदलायला रीजन (तिची चालू प्रत) बंद करावे लागे. २००७ मधील ३.२ आवृत्तीत चालू रीजनमध्ये लायब्ररी जोडता येऊ लागली.

हाताशी असलेले सर्वांत सोयीचे साधन म्हणजे आयएसआरडीडीएन ही जोडलेले डेटासेट दाखवणारी सोय. त्यात मेंबरचे नाव देऊन शोधले की ते असलेल्या लायब्रऱ्या दिसतात. परंतु त्या आपल्या टीएसओ (संवादी) सत्राला जोडलेल्या असतात, बॅच जॉबला नव्हे, हे अनेकदा विसरले जाते. शिवाय कोबोलचा उपप्रोग्राम नोडायनॅम या कंपायलरच्या पर्यायाने स्टॅटिक जोडलेला असेल तर तो मुख्य मोड्यूलच्या पोटातच येतो आणि लायब्ररीचा शोध मुळी होतच नाही. अशा वेळी एएमबीलिस्ट या साधनाने मुख्य मोड्यूल उलगडून आतल्या तुकड्यांच्या तारखा पाहाव्या लागतात.