पाइक, नाम जून

(२० जुलै १९३२ – २९ जानेवारी २००६). कोरियन-अमेरिकन कलावंत, व्हिडिओ कलेचे प्रवर्तक. त्यांचा जन्म सोल येथे झाला. कोरियन युद्धामुळे १९५० मध्ये कुटुंबाला देश सोडावा लागला. टोकियो विद्यापीठात आर्नोल्ड शोनबर्ग या संगीतकारावर प्रबंध लिहून ते १९५६ मध्ये पदवीधर झाले आणि पुढील शिक्षणासाठी जर्मनीला गेले. तेथे १९५८ मध्ये प्रयोगशील अमेरिकन संगीतकार जॉन केज यांची भेट झाली आणि संगीताविषयीची त्यांची धारणाच पालटली.

वुपरटाल येथे १९६३ मध्ये भरवलेल्या प्रदर्शनात त्यांनी अंतर्गत जोडणी बदललेले दूरचित्रवाणी संच मांडले. संचावर मोठा लोहचुंबक ठेवला की चित्रनळीतील इलेक्ट्रॉनांचा झोत वाकतो आणि पडद्यावरचे चित्र पिळवटून त्याची रेखाकृती होते; १९६५ मधील त्यांची एक प्रसिद्ध कृती एवढ्याच युक्तीवर उभी आहे. घरोघरी केवळ पाहिला जाणारा संच वाद्यासारखा हाताळता येतो, हे त्यांनी दाखवले, आणि त्यांच्या साऱ्या कार्याचे मर्म येथेच आहे. पुढे शुया आबे या अभियंत्यासह त्यांनी चित्रांचे रंग व आकार हवे तसे बदलणारे यंत्र घडवले.

तरुण कलावंतांनी त्यांच्याकडून शैली घेतली नाही. यंत्र उघडून पाहण्याचे धाडस घेतले. अमेरिकेतील सिरॅक्यूज येथील एव्हरसन संग्रहालयात, पुढे व्हिडिओ कलावंत म्हणून नावारूपाला आलेले, तेव्हा विशीतील बिल व्हायोला यांनी पाइक यांच्या कृतींच्या मांडणीत साहाय्यक म्हणून काम केले. पाइक यांची चित्रे वेगवान, गजबजलेली आणि खट्याळ; व्हायोला यांची पुढील काळातील निर्मिती मात्र संथ आणि ध्यानमग्न. गुरूचा प्रभाव अनुकरणावाचूनही किती खोल जाऊ शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण या कलेत क्वचितच सापडेल. ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीतही पाइक यांनी दीर्घकाळ अध्यापन केले.

मायामी बीच येथे त्यांचे निधन झाले. १९६० मधील एका कलाप्रयोगात त्यांनी केज यांचा टाय कापला होता. त्या आठवणीने न्यूयॉर्कमधील अंत्यविधीला जमलेल्यांनी शेजाऱ्याचा टाय कापून ते तुकडे त्यांच्या पार्थिवावर ठेवले. कलावंत योको ओनो त्या वेळी उपस्थित होत्या. शोकसभेलाही प्रयोगाचे रूप यावे, हे त्यांच्या वृत्तीशी सर्वस्वी सुसंगत होते.

दक्षिण कोरियातील ग्वाचॉन येथील राष्ट्रीय कला संग्रहालयातील १,००३ संचांचा त्यांचा मनोरा (१९८८) सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१८ मध्ये बंद करावा लागला. जुन्या नळ्यांचे उत्पादन थांबलेले होते, त्यामुळे मूळ संच जपावेत की चित्रे जपावीत, हा प्रश्न पुढच्या पिढीपुढे उभा राहिला. अखेर शक्य तेवढे संच दुरुस्त करून आणि उरलेल्यांत सपाट पडदे बसवून २०२२ मध्ये तो पुन्हा सुरू करण्यात आला.